हिरडीची जमीन आणि हाडाचे बी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भंडारदरा येथे झालेले भाषण)



आजच्या समारंभात दातांविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची चिठ्ठी आली तेव्हा मला थोडे हसू आले. वर्धापनदिनाला गाणी असावीत, फुगड्या असाव्यात, गोडधोड असावे; तिथे दातांच्या डॉक्टरणीचे काय काम? पण मग मनात आले, की गोडधोड खायचे तर दात हवेत, आणि गाणे म्हणायचे तरी दात हवेतच. तेव्हा आमंत्रण आनंदाने स्वीकारले.

बोलण्याचा विषय मला शोधावा लागला नाही. तो माझ्याकडे आपल्या पायांनी चालत आला. आवणी उरकल्यावर एके दिवशी एक मावशी दात दाखवायला आल्या. वय पन्नाशीच्या आतले. खालचे पुढचे दोन दात बोट लावताच हलत होते. डावीकडच्या दाढेच्या हिरडीतून दाबले की पू येत होता. मी तपासू लागले, तोच त्यांनी लेकाच्या मोबाईलवर आलेली एक जाहिरात माझ्यापुढे धरली. मूलपेशींच्या उपचाराने नवी हिरडी, नवे हाड, नवे दात, असे काहीबाही तीत लिहिले होते. मावशींनी हळूच विचारले, "डॉक्टरीणबाई, गळ्यातलं मोडून एवढे पैसे भरले, तर माझे दात पुन्हा मूळ धरतील का?"

ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. 'हो' म्हणावे तर ती फसवणूक, आणि 'नाही' म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. मावशींना त्या दिवशी जे सांगितले, तेच आज तुम्हां सर्वांना जरा सविस्तर सांगते.

प्रथम दात कसा उभा असतो ते पाहू. पुष्कळांना वाटते, की भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात हाडात ठोकलेला आहे. तसे नाही. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड ह्यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे केसाच्या दोन-तीन पट. ह्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो, आणि म्हणून भाकरी चावताना बसणारा दाब तो सोसतो. वरून हिरडी ह्या सगळ्यावर पदरासारखी बसलेली असते. हिरडी आणि दात ह्यांमध्ये एक लहानशी फट असते, तिची खोली निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर, तिळाच्या लांबीएवढी.

दात नीट घासले नाहीत की ह्या फटीत जंतूंचा चिकट थर बसतो. पुढे तो कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. इथेच थांबवले तर सारे पूर्ववत होते. पण दुर्लक्ष झाले, की फट खोल होत जाते, तंतू तुटतात आणि आतले हाड झिजू लागते. हाच पायरिया. दुखणे असे फारसे नसते, आणि हीच त्यातली मोठी वाईट गोष्ट. दाताला कीड लागली की ठणका लागतो, माणूस धावत येतो. हिरडीखालचे हाड मात्र मुकाट्याने जाते, आणि दात हलू लागल्यावरच आपल्याला कळते.

मग गेलेले हाड परत येते का? भगिनींनो, हात मोडला तर तो सांधतो ना? नवे हाड तयार झाल्यावाचून तो कसा सांधेल? म्हणजे हाड पुन्हा घडवण्याची शक्ती आपल्या शरीरात आहेच. ती शक्ती काही पेशींमध्ये असते. ह्या पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करतात, आणि वेळ पडली की त्यांतून हाडाच्या किंवा तंतूंच्या पेशी तयार होतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. इंग्रजी नाव स्टेम सेल. आपण त्यांना हाडाचे बी म्हणू या.

आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावरान बियाणे जपून ठेवले, आणि त्या कामाबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्ही जाणताच. बी घरात जपले म्हणजे पीक आले असे होत नाही, हेही तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बियाला ओल लागते, ऊब लागते, तयार जमीन लागते. हाडाच्या बियाचेही तसेच आहे. त्याला 'आता ऊठ, वाढ' असा निरोप मिळावा लागतो. हा निरोप देणारी द्रव्ये शरीरातच तयार होतात. त्यांना वृद्धिघटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, असे नाव आहे.

ह्या वृद्धिघटकांच्या शोधाची कथा आपल्या मंडळात सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात एक स्त्री आहे. इटलीतील रीता लेव्ही-मोंताल्चिनी ह्या यहुदी कुळातल्या. १९३८ साली तिथल्या राजवटीने यहुद्यांवर बंदी घातली, आणि त्यांना विद्यापीठातले काम सोडावे लागले. बाई खचल्या नाहीत. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांनी घरी, निजायच्या खोलीत, प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर अभ्यास चालू ठेवला. पुढे अमेरिकेत त्यांना मज्जातंतूंना वाढीचा निरोप देणारे द्रव्य सापडले. १९८६ साली स्टॅन्ली कोहेन ह्यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निजायची खोली आणि कोंबडीची अंडी एवढ्या भांडवलावर केवढे काम उभे राहिले, पाहा!

हाडाचा निरोप दुसऱ्या एका संशोधकाच्या हाती लागला. १९६५ साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट ह्यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूंत ठेवला. स्नायूत हाडाचे काय काम? पण तिथे नवे हाड तयार झाले! त्या उरलेल्या भागात हाड घडवण्याचा निरोप शिल्लक होता.

आता हे सारे दातापर्यंत कसे आले ते पाहू. पायरियाचा खड्डा डॉक्टरांनी खरवडून स्वच्छ केला, तरी पूर्वी तिथे हाड फारसे येत नसे. कारण खाचरातले आहे. खाचर मोकळे ठेवले तर आधी तण माजते. भाताला जागा उरत नाही. हिरडीच्या वरच्या कातडीची वाढ जलद, हाडाची वाढ मंद. जखम भरताना कातडी भरभर खाली उतरते आणि सगळी जागा अडवून बसते. १९८२ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी एक साधी युक्ती माणसाच्या दातावर करून दाखवली. हिरडी आणि खड्डा ह्यांच्यामध्ये त्यांनी एक पातळ पडदा बसवला. कातडी बाहेर थोपली, आणि आत तंतूंना व हाडाला वाढायला सवड मिळाली. तण अडवले, तेव्हा भात वाढला.

त्यानंतर निरोपाचीही सोय झाली, आणि ती आपल्या रक्तातच सापडली. बोट कापले की रक्त गोठते, ते बिंबिका नावाच्या बारीक कणांमुळे. ते कण नुसते रक्त थांबवून राहत नाहीत, तर जखम भरून येण्यासाठी वृद्धिघटकही सोडतात. २००१ साली फ्रान्समधील डॉक्टर शुक्रून ह्यांनी एक सोपी रीत सांगितली. रुग्णाच्याच दंडातले थोडे रक्त नळीत घ्यायचे, त्यात काही न मिसळता ते लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटे फिरवायचे. दूध यंत्रात फिरवून साय वेगळी काढतात, तसाच हा प्रकार. तळाशी लाल रक्त बसते, वर पिवळसर पाणी येते, आणि मध्ये दह्याच्या कवडीसारखी एक गाठ तयार होते. तिला पीआरएफ म्हणतात. तीत बिंबिका अडकलेल्या असतात. ही गाठ स्वच्छ केलेल्या खड्ड्यात ठेवली, की काही दिवस हळूहळू वृद्धिघटक सोडत राहते. ही रीत आपल्या देशातील दंतमहाविद्यालयांतही चांगली रुळली आहे, आणि तिच्यावर इथे अभ्यासही पुष्कळ झाले आहेत. कारखान्यात तयार केलेले वृद्धिघटकही आहेत. तसे एक औषध अमेरिकेत २००५ साली आणि दुसरे जपानात २०१६ साली पायरियाच्या खड्ड्यांसाठी मान्य झाले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. हाड भरून येण्यासाठी जी काही पूड किंवा लेप वापरतात, त्यांतले काही गाईबैलांच्या हाडांपासून आणि काही डुकरांच्या कोवळ्या दातांपासून केलेले असतात. त्यांत अपाय नाही. पण एखादीच्या मनाला ते रुचणार नाही. तेव्हा 'हे कशापासून केले आहे?' असे विचारायला संकोच करू नका. विचारणे हा तुमचा हक्कच आहे.

आता खुद्द बियाकडे, म्हणजे मूलपेशींकडे वळते. २००० साली अमेरिकेत अक्कलदाढेच्या गाभ्यात मूलपेशी सापडल्या. २००३ साली त्या मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडल्या, आणि पुढच्याच वर्षी दात बांधून ठेवणाऱ्या तंतूंत. आपण लेकरांचे दुधाचे दात कौलांवर भिरकावतो. त्यांत असे धन असेल असे कुणाला वाटले होते?

ह्या पेशी पेरून पाहण्याचे प्रयत्नही झाले. तोक्यो शहरात स्त्रियांचे एक वैद्यकीय विद्यापीठ आहे. योशिओका यायोई नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९०० साली मुलींना डॉक्टर होता यावे म्हणून काढलेली ती संस्था. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच काढलेल्या दाताच्या मुळावरून तंतूंच्या पेशी घेतल्या, त्यांचे पातळ पापुद्रे वाढवले आणि हाडाच्या खड्ड्यात बसवले. दहा रुग्णांची हकीकत त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. खड्डे भरू लागले होते, आणि मोठा अपाय कुणाला झाला नव्हता. पण त्याआधी, २०१६ साली, चीनमधील डॉक्टरांनी एक तुलना प्रसिद्ध केली होती. काही खड्ड्यांत हाडाच्या पुडीबरोबर पेशी घातल्या, काहींत नुसती पूड. सुधारणा दोन्हींकडे झाली. पेशींमुळे ठळक फरक असा पडला नाही. म्हणजे बी आशेचे आहे, पण त्याचे पीक अजून खात्रीचे झालेले नाही.

म्हणून त्या जाहिरातीविषयी स्पष्ट बोलते. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मूलपेशींविषयी नियम घालून दिले. हिरडीसाठी आणि दातासाठी मूलपेशींचा उपचार हा अजून प्रयोगाचा भाग आहे. असे प्रयोग रीतसर परवानगीनेच व्हावेत, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेऊ नयेत, असे हे नियम सांगतात. मुलांचे दात पेढीत पैसे भरून साठवून ठेवा, असेही कुणी सांगत येतात. त्या नियमांनुसार फक्त नाळेतले रक्त साठवण्यास मुभा आहे, दातांच्या पेशी साठवण्यास नाही. तेव्हा कुणी मोठी रक्कम मागून मूलपेशींनी हिरडी उगवून देतो म्हणाला, तर गळ्यातले गळ्यातच राहू द्या. आणि अख्खा नवा दात माणसाच्या जबड्यात उगवून देण्याची विद्या आजमितीला कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

मग आज काय होऊ शकते? हाडाचा खड्डा अरुंद आणि खोल असेल, आणि त्याच्या तीन बाजूंचे हाड शाबूत असेल, तर तो भरून येण्याची आशा चांगली. खाचराचे बांध धड असले तर पाणी ठरते, तसेच हे. पण हाड चहूबाजूंनी सपाट झिजले असेल, तर कशालाच धर राहत नाही. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल, तर टाळूचा पातळ तुकडा लावून ते पुष्कळदा झाकता येते. उपचार लवकर झाला तर थोडक्यात भागते. उशीर झाला तर हातात काही उरत नाही.

आणि आता, भगिनींनो, थोडे कडू बोलते. राग मानू नका. आपल्याकडे मिसरीची डबी कुणाच्या कमरेला नसते? तव्यावर भाजलेली तंबाखू सकाळी उठून बोटाने हिरड्यांवर चोळायची, पुन्हा दुपारी चोळायची, पाहुणी आली की तिच्यापुढे डबी सरकवायची. 'मिसरीने दात घट्ट राहतात, हिरडीतून रक्त येत नाही,' असे आपण म्हणतो. रक्त कमी येते हे एका परीने खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रोग आत चालूच राहतो, फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही. शिवाय रक्त कमी पोचले, की जखम भरायला लागणारा निरोप आणि बी ही दोन्ही तिथवर पोचत नाहीत. तंबाखू न सोडणाऱ्या रुग्णात हे सारे नवे उपचार उणे पडतात, हा जगभरचा अनुभव आहे. खत महागाचे आणले, पण पाण्याचा पाटच बुजवला, तर पीक कसे येणार? तोंडाच्या कर्करोगाचे भय तर वेगळेच. तोंडात पांढरा चट्टा दिसला आणि पुसून गेला नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा.

आणखी एक समज सांगते. बाळंतपणागणिक एक दात जायचाच, असे आपल्या म्हाताऱ्या म्हणत. पोटातले मूल आईच्या दातांतला चुना ओढून घेते, हे खरे नाही. गरोदरपणात हिरड्या अधिक सुजतात, एवढे खरे. आणि त्या दिवसांत ओकाऱ्या होतात म्हणून दात घासणे राहून जाते, हेही खरे. तेव्हा सूनबाईला दिवस गेले की तिच्या हिरड्या एकदा दाखवून घ्याव्यात. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यानेही दाखवावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणे अवघड जाते.

आता मावशींचे पुढे काय झाले ते सांगते, म्हणजे तुम्हांला चुटपुट राहणार नाही. त्यांचे पुढचे दोन दात वाचवता आले नाहीत. त्यांच्या भोवतीचे हाड मुळाच्या टोकापर्यंत गेले होते. ते काढावे लागले, तिथे बसवायचे दात बसवले. दाढेपाशी मात्र खड्डा तीन बाजूंनी शाबूत होता. मी म्हटले, "मावशी, आधी मिसरी सुटली पाहिजे. तीन महिने मिसरीविना काढून दाखवा, मग पुढचे बोलू." पहिले पंधरा दिवस त्यांना फार जड गेले. डोके दुखे, चिडचिड होई. नातीने डबी लपवून ठेवली होती म्हणे! पण त्यांनी निभावले. मग दाढेखालचा खड्डा साफ करून त्यात त्यांच्याच रक्ताची गाठ आणि हाडाची पूड ठेवली. नऊ महिन्यांनी फोटो काढला, तेव्हा जिथे काळी पोकळी दिसत होती तिथे हाडाची पांढुरकी छटा दिसू लागली होती. पूर्वीइतके हाड आले असे मी म्हणणार नाही. पण दाढ घट्ट झाली, पू थांबला, आणि गळ्यातलेही मोडावे लागले नाही. मावशी म्हणाल्या, "दोन दात मिसरीनं नेले, एक दाढ मी राखली." ह्याहून निराळे उत्तर त्यांच्या प्रश्नाला मलाही देता आले नसते.

शेवटी आपल्या मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली, रोज रात्री निजताना ब्रशने दात घासायचे, आणि हिरडीतून रक्त आले तर घासणे न सोडता डॉक्टरांना दाखवायचे. दुसरी, वर्षातून एकदा प्रत्येकीने हिरड्यांची खोली मोजून घ्यायची. बारीक खुणांच्या सळईने मोजतात. दोन मिनिटांचे काम, विशेष दुखतही नाही. आपल्या प्रवरेच्याच खोऱ्यात संगमनेरला आणि लोणीला दंतमहाविद्यालये आहेत. दोघी-तिघींनी मिळून एसटीने जावे. बाजारही होतो आणि दातही पाहून होतात. तिसरी गोष्ट तुमच्याच हातची आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या मंडळात मिसरीची डबी फिरू नये, आणि वाण म्हणून प्रत्येकीला दात घासायचा एक ब्रश द्यावा. ते वाण लुटायला मी जरूर येईन.

हाडाचे बी प्रत्येकीच्या तोंडात देवाने आधीच ठेवले आहे. शास्त्रज्ञ त्याला वाढवण्याच्या नव्या युक्त्या शोधत आहेत, आणि त्या आज ना उद्या आपल्यापर्यंत पोचतील. तोवर हिरडीची जमीन राखून ठेवणे आपल्या हाती आहे.